टाकून दिलेले स्पर्श

“शून्य,” संग्रामदादानं मोठ्यानं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “चौदा दिवसांत एकदाही नाही. हे मी म्हणत नाही हं, वृषाली. तुझं मशीन म्हणतंय.”

पलंगालगतच्या स्टुलावर ती डबी होती. साबणाच्या डबीएवढीच, पण तिच्या पोटात मी माझ्या हातानं जोडलेला मायक्रोकंट्रोलर, नखाएवढा संगणक, होता. तिच्यातून एक वायर आत्तीच्या उजव्या हाताजवळच्या बटणाकडे गेलेली, दुसरी भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरातल्या घंटीकडे. आत्तीनं बटण दाबलं की घंटी वाजायची आणि डबीवरचा आकडा एकानं वाढायचा. एवढं एकच काम तिला नेमून दिलं होतं.

“दादा, हळू बोल. ती ऐकतेय.”

“ऐकतेय? ऐकत असती तर एकदा तरी दाबलं नसतं का गं?”

आत्ती म्हणजे माझी आत्या, संग्रामदादाची आई. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली आणि आत्तीनं मला तिच्या घरी नेलं. कृष्णाकाठच्या एका गावात ती उपकेंद्राची नर्स होती. पंचक्रोशी तिला यमुना सिस्टर म्हणायची. बाळंतिणीच्या घरून सांगावा आला की हातातली भाकरी तव्यावर टाकून ती निघायची आणि मी त्या भाकरीपाशी बसून राहायचे. पुढं तिला कंपवात झाला. आधी हात गेला, मग चाल गेली, मग आवाज. सगळ्यांत शेवटी चेहरा गेला. हसू नाही, आठी नाही, पापणीसुद्धा नावाला लवायची. गेली पाच वर्षं ती माझ्याकडे, सांगलीला, दोन खोल्यांच्या फ्लॅटवर होती. मी दिवसभर कुपवाडच्या कारखान्यात असायचे आणि मालनमावशी तिच्यापाशी.

दादा तळेगावला असायचा. त्याचं म्हणणं तसं वावगं नव्हतं. आत्तीच्या पाठीला जखम झाली होती. मिरजेजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस होता, डॉक्टर होते. मी हट्टाला पेटले होते. तिला कळतं, तिला विचारल्याशिवाय कुठं न्यायचं नाही, असं माझं चाललं होतं. तेव्हा दादाच म्हणाला होता, “बरं. तू एवढी इंजिनियर आहेस, तर तिला बोलायचं काहीतरी करून दे. पंधरा दिवसांत तिनं एकदा जरी स्वतःहून हाक मारली, तर मिरजेचं नाव काढणार नाही. नाही मारली, तर तू आडवी यायचं नाहीस.”

तो पंधरावा दिवस होता. फाल्गुनातला रविवार. दुपारचे साडेतीन झाले होते. खाली दादाची गाडी उभी होती आणि मागची सीट आडवी करून त्यावर गादी घातलेली होती.

मालनमावशी चौकटीला टेकून उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “दादा, मी दिसभर कान लावून असते हो. घंटी वाजली न्हाई, हे खरंय. पर आक्का बघत्यात. माझ्याकडं बघत्यात.”

“बघतात तर सगळेच, मावशी. भिंतीवरचं कॅलेंडरपण बघतं.” दादा माझ्याकडे वळला. “आणि तू बंगळूर नाकारलंस म्हणे? तीन वर्षं ज्या कामाची वाट बघत होतीस ते?”

मी मालनमावशीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

“ते माझं मी बघेन.”

“काय बघशील? हिला काही समजत नाही आणि हिच्यापायी तू हातात आलेलं सोडतेस. कुणासाठी, सांग ना. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. आई आहे माझी. पण जी होती ती आता या पलंगावर नाही, हे एकदा मान्य कर.”

आत्तीचा हात चादरीवर थरथरत होता. तो असाच थरथरायचा, जाग असेपर्यंत.

“दहा मिनिटं दे. एकदा तपासते.”

“पहिल्या दिवशी तपासलं होतंस ना?”

तपासलं होतं. आत्तीच्या हातावर माझा हात ठेवून बटण दाबलं होतं. घंटी खणखणीत वाजली होती, मी आनंदानं टाळ्या पिटल्या होत्या आणि आकडा पुन्हा शून्यावर आणून ठेवला होता. “तरी पण,” मी म्हणाले.

“तपास. गाडी काय पळून जात नाही.” दादा खुर्चीत बसला.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला, डबीला केबल लावली आणि डीबगर सुरू केला. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामचं मनगट धरून त्याला मध्येच थांबवायचं साधन. हव्या त्या ओळीशी खूण करायची. प्रोग्राम तिथं आला की जागच्या जागी गोठतो आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय काय आहे ते पडद्यावर वाचता येतं. आकडा वाढवणाऱ्या ओळीशी मी खूण केली, बटण स्वतःच्या बोटानं दाबलं आणि प्रोग्राम बरोबर तिथंच येऊन थांबला. पुढं सोडला, तर घंटी वाजली.

“मशीन ठणठणीत आहे,” दादा म्हणाला.

मशीन खरंच ठणठणीत होतं. मी परत दाबलं, परत थांबवलं. वायर हलवून पाहिली. आकडा दोन झाला, तीन झाला, सगळा माझ्याच बोटांनी. कुठं चूक सापडावी म्हणून मी इतकी आसुसलेली पूर्वी कधी नव्हते. चूक नसेल, तर दादा बरोबर होता.

“झाली दहा मिनिटं.”

“थांब जरा.”

प्रोग्राम गोठलेला होता आणि पडद्याच्या उजव्या बाजूला त्यातल्या साठवलेल्या आकड्यांची यादी उघडी होती. मी ती वरून खाली वाचत गेले. तळाशी एक नाव होतं, जे मी आत्तीसाठी लिहिलेलंच नव्हतं. रिजेक्ट. त्याच्यासमोर सहा हजार दोनशे अठरा.

ते नाव कारखान्यातलं होतं.

कारखान्यात आम्ही पाणी उपसण्याच्या मोटारींची पॅनल बनवायचो. मोटार चालू झाली की सगळं पॅनल हादरतं आणि त्या हादऱ्यानं बटणाचे पत्रे एकमेकांना लागतात, सुटतात, लागतात. कुणी बोट लावलेलं नसतं, पण मशीनला वाटतं कुणीतरी दाबलं. म्हणून प्रोग्रामला एक गोष्ट शिकवलेली असते. स्पर्श एका सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी सलग टिकला तरच तो माणसाचा. थरथरता आला तर तो हादरा. तो टाकून द्यायचा. किती टाकले याची तासवार नोंद मात्र ठेवायची, म्हणजे कुणाची मोटार पायातून सैल झालीय ते आम्हाला कळायचं. दहा वर्षं घासूनपुसून पक्का झालेला तो तुकडा होता. आत्तीची डबी करताना मी तो जसाच्या तसा उचलला होता. नव्यानं लिहून चूक कशाला करायची, म्हणून.

“काय झालं?” दादानं विचारलं.

“तिनं दाबलंय.” मी पडदा त्याच्याकडे वळवला. “सहा हजार वेळा. मशीननंच ते टाकून दिलं. मी शिकवलं होतं त्याला टाकायला.”

मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वृषा, हात दिवसभर हलतोच तिचा. हलता हात बटणाला लागणारच. वाऱ्यानं दार आपटलं, तर कुणी आलं असं म्हणतो का आपण?”

मी प्रोग्राम पुन्हा चालू केला, आकडा पडद्यावर चालता ठेवला आणि बोटं कपाळाला लावून बसून राहिले. मालनमावशी चहा टाकायला आत गेली. आत भांड्याचा आवाज झाला. दादानं घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते.

आकडा हलला.

सहा हजार दोनशे एकोणीस. वीस. तेवीस. तीस.

मी मान वर केली. आत्तीचा हात बटणावर होता. मघाशी तो चादरीवर होता, आता बटणावर. बोटं त्यावर पाखराच्या चोचीसारखी टकटक करत होती, आणि एकही टकटक सलग टिकत नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, कोरा. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि उशीवरून चढून तिच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. डोळ्याच्या कडेनं पाणी गळत होतं. मान वळवणं तिच्या हातात नव्हतं. तिला आभाळ दिसावं म्हणून पलंग त्या खिडकीशी मीच लावला होता.

हात नीट पाहावा म्हणून मी उठून पलंगाच्या पलीकडे गेले. माझी सावली तिच्या तोंडावर पडली.

“थांबला,” दादा म्हणाला.

“काय?”

“आकडा. थांबला.” तो लॅपटॉपवर वाकला होता.

मी बाजूला झाले. ऊन पुन्हा तिच्या डोळ्यावर आलं.

“सुरू झाला.”

दादा उठला आणि स्वतः खिडकीत जाऊन उभा राहिला, उंचापुरा, रुंद खांद्यांचा. सगळी उशी सावलीत गेली. आत्तीचा हात बटणावरून घसरला आणि शेजारी चादरीवर पडला. थरथर थांबली नव्हती. पण आता ती बटणाच्या बाजूला होती.

पडद्यावर आकडा मुकाट होता.

“योगायोग असेल,” दादा म्हणाला, पण खिडकीतून हलला नाही.

मी तासवार नोंद उघडली. दर दिवसाला एक ओळ, दर तासाला एक घर. ओळीच्या ओळी रिकाम्या. चार ते पाच आणि पाच ते सहा, ही दोनच घरं रोज गच्च भरलेली. सगळ्या ओळींत एक ओळ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्याची होती.

“मावशी, मागच्या मंगळवारी दुपारी इथं काय केलं होतंत?”

मालनमावशी कप घेऊन आली होती. “काय केलं? काय न्हाई... मंगळवारी चादरी धुतल्या बघा. गॅलरीत जागा न्हवती, म्हणून एक ह्या खिडकीच्या गजावर टाकली हुती. का वो? काय चुकलं का?”

दादानं खिडकीचा गज धरला.

“काही नाही चुकलं, मावशी,” मी म्हणाले. “तेवढं एकच आपण बरोबर केलं.”

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कप खाली ठेवून ती धावली आणि आत्तीचे पाय धरून रडायला लागली. “आक्का, हितं चार पावलांवर हुते ओ मी. चहा पीत हुते. हाक मारत हुता आन् मी चहा पीत हुते.”

दुरुस्ती तीन ओळींची होती. दोन सेकंदांत सहा थरथरते स्पर्श आले, तर ती हाक समज. मी ते लिहिलं, प्रोग्राम डबीत भरला आणि दादाला म्हणाले, “जरा बाजूला हो.”

तो बाजूला झाला. ऊन उशीवर आलं. आत्तीचा हात सरकत सरकत बटणावर गेला आणि स्वयंपाकघरात घंटी वाजली.

मालनमावशीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. दादा झटकन पुन्हा खिडकीत उभा राहिला, जणू ते त्याचं नेमलेलं काम होतं. तिथून तो हलेनाच. मग बाहेर बघतच म्हणाला, “म्हणजे तिला सगळं ऐकू गेलं.”

मी आत्तीच्या डोळ्याच्या कडेचं पाणी बोटानं पुसलं.

“मघाशी कॅलेंडर म्हणालो मी. आणि ते... जी होती ती आता नाही, ते. तिच्या उशाशी बसून बोललो, वृषा. गेल्या महिन्यातपण बोललो होतो.”

मलाही माझं आठवत होतं. बंगळूरचा फोन आला तेव्हा मी याच पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. “नाही सर, घरी पेशंट आहे, मला सोडता येणार नाही,” असं म्हणाले होते आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पुष्कळ रडले होते. कुणी बघत नाही म्हणून.

दादा पलंगाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि आत्तीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, “आई, चुकलं गं. कुठं न्यायचं नाही तुला. मी शब्द दिलाय वृषाला. खिडकीला पडदा आणतो. उद्याच आणतो.”

मालनमावशीनं खिडकीवर आपली शाल टांगली. खोलीत सावली आली. मला हलकं हलकं वाटत होतं. बोलती झालेली आत्ती माझ्यापुढं होती आणि तिच्या तोंडून एक शब्द ऐकायचा मोह मला आवरेना.

मी तिच्या हातापाशी बसले. “आत्ती, ऐक. आता विचारेन त्याला ‘हो’ असेल, तर वाजव. इथंच राहायचं ना, माझ्यापाशी?”

हात चादरीवर थरथरत राहिला.

“आत्ती, बटण इथं आहे. बोटांपाशीच आहे बघ. राहायचं ना इथं?”

काही नाही. दादा म्हणाला, “दमली असेल. किती वेळ झाला.”

मी तिसऱ्यांदा विचारलं. बटण तिच्या बोटांना लागेल इतकं जवळ सरकवलं. हात मागं गेला. मी सरकवलं तितकाच तो मागं गेला.

मालनमावशीनं डोळे पुसले. “ताई, उलटं इचारून बघा की.”

“उलटं कशाला?”

“इचारा की.”

मी विचारत नाही असं पाहून तीच वाकली. “आक्का, मिरजंला जायचंय तुमास्नी?”

हात उठला. उठला असं म्हणायला हवं, कारण मी तो उठताना पाहिला. वर्षानुवर्षं तो सरपटायचाच. थरथरत, वाट चुकत, एकदा माझ्या मनगटाला लागून तो बटणावर आला.

घंटी वाजली.

मग दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, “चुकून लागलं असेल.”

“असेल.”

“नवीनच लिहिलंस ना ते आत्ता? तीन ओळी. घाईत काही राहिलंही असेल. तू बघ एकदा.” त्याचे डोळे काकुळतीला आले होते. “तू म्हणशील ते मी मानीन, वृषा. मला यातलं काही कळत नाही. मशीन चुकलं म्हणालीस, तर चुकलं.”

लॅपटॉप मांडीवरच होता. पडद्यावर सगळं लिहिलेलं होतं. पावणेदोन सेकंदांत अकरा स्पर्श. नंतर एकही नाही. काम झाल्यावर हात बाजूला गेला होता आणि बाजूलाच राहिला होता. प्रश्नाआधीही एक स्पर्श नव्हता.

मी आत्तीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावर काही वाचता येत नसे, हे मी सगळ्यांना सांगत आले होते. त्या दिवशी मला ते स्वतःला सांगता आलं नाही. बाळंतिणीच्या घरून सांगावा आला की निघताना ती अशीच बघायची. भाकरीपाशी बसून राहणाऱ्या मला काही समजावत बसायची नाही. तिचं जायचं ठरलेलं असायचं.

खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. दोन शब्दांचं होतं. मोटारींच्या पॅनलवर मी ते शंभरदा म्हटलं होतं आणि गिऱ्हाइकांनी मान डोलावली होती. हादरा आहे.

“वृषा?”

“मशीन बरोबर आहे,” मी म्हणाले.

दादा तोंड फिरवून उभा राहिला. मी लॅपटॉपची केबल काढली आणि बाकीच्या वायरी तशाच ठेवून डबी त्याच्या हातात दिली. “ही तिच्याबरोबर जाईल. तिथं घंटी कुठं लावायची ते मी येऊन बघेन.”

मग मला तिथं उभं राहवेना. मी स्वयंपाकघरात आले. गॅसवर उरलेला चहा निवून गेला होता. बाहेरच्या खोलीत मालनमावशीनं कपाट उघडलं. तिला लगेच युक्ती सापडली होती. एकेक साडी आत्तीसमोर धरून ती विचारत होती.

“ही हिरवी? न्यायची?”

घंटी वाजली नाही.

“ही बारक्या ठिपक्यांची?”

घंटी वाजली. माझ्या डोक्यावर, अगदी हाताच्या अंतरावर.

“ही राखाडी न्हाई ना? मला वाटलंच. आक्का, तुमी लई चोखंदळ निघाला बघा.” रडता रडता ती हसत होती. “आन् ही? ही वृषाताईंनी आणलेली हाय, दिवाळीला. घडी मोडली न्हाई अजून. ही न्यायची?”

बाहेर बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग घंटी वाजली. वाजून थांबली, आणि पुन्हा वाजली, आणि पुन्हा. मालनमावशी “व्हय व्हय, कळलं, ठिवते,” म्हणत होती, तरी ती वाजतच राहिली. मी तिच्याखाली उभी होते. बंद करायचं बटण तिथंच भिंतीवर होतं. मी त्याला हात लावला नाही.